साफ केलेली वेबसाइट परत परत हॅक होतेय? आधी घड्याळ लावा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देवगडहून फोन आला. आंबा बागायतदार, वय साठीच्या पुढे. वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरची त्यांची वेबसाइट काही वर्षांपूर्वी मीच करून दिलेली. "तुझ्या वेबसाइटीर लोकांका लॉटरी लागता म्हणतत," काका म्हणाले. मी लॅपटॉपवर उघडली. पेट्यांचे भाव, पायरीचा फोटो, ऑर्डरचं बटण, सगळं जागच्या जागी. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, गिऱ्हाइकाच्या फोनमध्येच काहीतरी असेल. संध्याकाळपर्यंत आणखी चार जणांचे व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट आले. सगळ्यांनी म्हणे फोन जिंकला होता.

त्यानंतर ती वेबसाइट मी तीनदा साफ केली. पहिल्या दोन वेळा परत बिघडली, तिसऱ्या वेळी टिकली. दोनदा कुठे चुकलो ते सविस्तर लिहितोय, कारण मला येणाऱ्या दहातल्या सात-आठ फोनमध्ये हीच तक्रार असते: "साफ केली हो, पण परत झालं." लोकांना वाटतं कुणीतरी पुन्हा हल्ला केला. बहुतेक वेळा तसं काही नसतं. पहिलाच माणूस अजून आत असतो.

मला का दिसलं नाही, ते आधी सांगतो

हॅकरने वेबसाइटमध्ये घुसवलेला कोड पाहुणा बघून वागतो. तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असाल तर गप्प. कॉम्प्युटरवरून आलात तर गप्प. पत्ता थेट टाइप केलात तरी गप्प. मोबाइलवरून, गूगलमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून पहिल्यांदाच आलात, की उचलून लॉटरीच्या पानावर टाकतो आणि फोनमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची खूण, ठेवतो. दुसऱ्यांदा आलात तर साधी वेबसाइट दिसते, त्यामुळे तक्रार करणाऱ्यालाच वाटतं आपल्याला भास झाला.

म्हणून तपासायचं ते असं: फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, गूगलवर आपल्या धंद्याचं नाव शोधा आणि तिथून क्लिक करा. दुसरं म्हणजे गूगल सर्च कन्सोल या वेबसाइट-मालकांसाठीच्या सेवेतलं यूआरएल तपासणीचं साधन. गूगलच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) तुमचं पान कसं दिसतं ते त्यात कळतं. तुमच्या मराठी वेबसाइटच्या नावाखाली गूगलमध्ये जपानी अक्षरांत ब्रँडेड घड्याळं-पर्सांची पानं दिसत असतील, तर तोही याच कुळातला प्रकार आहे. ती पानं तुम्हाला दिसत नाहीत, बॉटला दिसतात. तिथे सर्च कन्सोलमध्ये मालकांची यादी आवर्जून बघा. हॅकर स्वतःची पडताळणीची फाइल टाकून मालक म्हणून नाव घालून ठेवतात. नुसतं नाव काढून भागत नाही, ती फाइलही शोधून काढावी लागते, नाहीतर पडताळणी परत होते.

आणि हो, "आपल्याकडे एसएसएल आहे की, कुलूप दिसतंय" असं मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. ते कुलूप गिऱ्हाइकाचा फोन आणि तुमचा सर्व्हर यांच्यामधल्या रस्त्याचं. घरात शिरलेल्या माणसाशी त्याचा काही संबंध नाही.

माझ्या दोन फजित्या

पहिल्यांदा मी मूळ फोल्डरातली इंडेक्स डॉट पीएचपी उघडली (पीएचपी ही वर्डप्रेसची कोड-भाषा). वर्डप्रेसची ही फाइल वीसेक ओळींच्या आतली, त्यातही निम्म्या टिपाच. पहिली ओळ कोरी दिसत होती. खालचा आडवा स्क्रोलबार मात्र बारीक झाला होता. उजवीकडे सरकवत गेलो, शेकडो रिकाम्या जागांच्या पलीकडे कोड बसवलेला. काढला, सेव्ह केलं, पासवर्ड बदलला, काकांना कळवलं. चहा पिऊन आलो तर कोड जागेवर. मला वाटलं सेव्हच झालं नसेल.

दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला आणि होस्टिंगवाल्यांकडून पूर्ण खात्याचा दहा दिवसांपूर्वीचा बॅकअप परत चढवून घेतला. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी परत लॉटरी. तेव्हा काका जे म्हणाले ते मला आधी सुचायला हवं होतं: "अरे बाबा, बांडगूळ असा काढतत काय? नुसता तोडलंस तर परत फुटतला." आंब्यावरचं बांडगूळ फांदीच्या लाकडात मुळं घालतं. ते दिसतं तिथे तोडून उपयोग नसतो, त्याच्या खाली जाऊन फांदीच कापावी लागते. प्रश्न एवढाच, फांदी कुठे कापायची.

त्याचं उत्तर घड्याळात असतं. साफ केल्यावर किती वेळाने परत आलं, यावरून ते कुठून येतंय याचा बराचसा अंदाज बांधता येतो. दुरुस्ती करताना कागदावर वेळ लिहायची सवय लावून घ्या. साफ केलं ११:४०, परत दिसलं ११:५०, असं.

सेकंदात परत येत असेल तर

फाइल साफ करून सेव्ह केली, लगेच रिफ्रेश केलं आणि कोड परत. फाइलची परवानगी बघा, ती ४४४ केलेली असेल, म्हणजे फक्त वाचण्यापुरती. तुम्ही ६४४ करता, ती परत ४४४ होते. बहुतेकदा इंडेक्स आणि डॉट एचटीअ‍ॅक्सेस (सर्व्हरला सूचना देणारी फाइल) या दोन फायलींच्या बाबतीत हे घडतं.

अशा वेळी तुमच्या खात्यात एक पीएचपी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्राम, सतत चालू असते. ती सुरू करणारी फाइल डिस्कवरून स्वतःला पुसून टाकते, पण प्रोसेस मेमरीत जिवंत राहते आणि एकच काम करत बसते: दोन फायली बघायच्या, बदलल्या असतील तर आपल्यासारख्या करून ठेवायच्या. म्हणून स्कॅनरला काही सापडत नाही. फाइलच नाही तर सापडणार काय?

एसएसएच, म्हणजे सर्व्हरला थेट आदेश द्यायची सोय, असेल तर चालू प्रोसेसची यादी काढून ती मारा. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ती सोय नसते, तिथे सपोर्टला लिहावं लागतं. लिहिताना नेमकं लिहा: "माझ्या खात्यात चालू असलेल्या सगळ्या पीएचपी प्रोसेस बंद करा." "वेबसाइट हॅक झाली आहे, मदत करा" असं मोघम लिहिलंत तर ते स्कॅनर चालवून अहवाल पाठवतील आणि जोडीला सुरक्षेचा महागडा प्लॅन गळ्यात मारायला बघतील. सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर, पीएचपीची आवृत्ती बदलली की काही वेळा जुनी प्रोसेस मरते, तेही करून बघण्यासारखं आहे. ती मेल्यावर लगेच फायली साफ करा.

ठराविक वेळाने येत असेल तर

माझ्या कागदावर ११:४०, ११:५०, १२:०० असे आकडे पडले होते. इतका वक्तशीर माणूस नसतो, क्रॉन असतो, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारी सर्व्हरची सोय. सीपॅनलमध्ये क्रॉन जॉब्स उघडलं. दर दहा मिनिटांनी चालणारी एक ओळ होती, निरर्थक दिसणाऱ्या अक्षरांची लांबलचक शेपटी असलेली. मी ती कधी टाकली नव्हती. ही ओळ बाहेरून एक फाइल आणायची, चालवायची आणि पुसून टाकायची. म्हणजे वरची प्रोसेस मारली तरी दहा मिनिटांत नवी उभी.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी क्रॉन काढा, मग प्रोसेस मारा, मग फायली साफ करा. उलटं केलंत तर दिवसभर सारवत बसाल.

वर्डप्रेसचा स्वतःचाही एक क्रॉन असतो, तो सर्व्हरच्या यादीत दिसत नाही. डेटाबेसमधल्या ऑप्शन्सच्या टेबलमध्ये त्याची नोंद असते. डब्ल्यूपी क्रॉन्ट्रोल (WP Crontrol) नावाचं छोटं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा जास्तीचा भाग, लावलं की सगळी यादी समोर येते. अनोळखी नाव दिसलं की ते कुठल्या प्लगिनचं ते शोधा. कुणाचंच नसेल तर काढा.

कुणीतरी वेबसाइट उघडली की येत असेल तर

वेळ ठराविक नाही, पण वेबसाइट बंद ठेवली तर काही होत नाही आणि चालू केली की पाच-पंधरा मिनिटांत परत. म्हणजे वर्डप्रेस स्वतः सुरू होताना तो कोड आपल्याबरोबर घेऊन येतंय. इथे जागा बऱ्याच आहेत, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

अपलोड्स फोल्डरपासून सुरुवात करा. तिथे फोटो आणि पीडीएफ असायला हव्यात. पीएचपीची फाइल दिसली तर ती उघडून बघा. काही प्लगिन्स तिथे रिकामी इंडेक्स ठेवतात, ती चालते. आत काही असेल तर ते तिथे का आहे याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. फेव्हआयकॉनसारखं नाव असलेल्या, पण पुढे विचित्र अक्षरं जोडलेल्या आयको फायलीही संशयित. नाव चित्राचं, पोटात पीएचपी. नोटपॅडमध्ये उघडली की लगेच कळतं.

मग एमयू-प्लगिन्स हा फोल्डर. त्यातलं सगळं आपोआप चालतं आणि अ‍ॅडमिनमधून ते बंद करता येत नाही. प्लगिन्सच्या पानावर 'मस्ट-यूज' नावाचा बारीक टॅब येतो, तिकडे कोण बघतंय? हॅकरांना ही जागा म्हणूनच आवडते. काही होस्टिंगवाले आपलं प्लगिन तिथे ठेवतात, तेवढं ओळखून घ्या.

तिसरी जागा डॉट यूजर डॉट आयएनआय. या फाइलमध्ये एक ओळ लिहिली की प्रत्येक पानाच्या आधी कुठलीही एक फाइल चालवता येते. पण इथे घाई नको. वर्डफेन्स या सुरक्षेच्या प्लगिनचं फायरवॉलही हीच युक्ती वापरतं. एकाने घाबरून वर्डफेन्सचीच फाइल उडवली आणि आयएनआयमधली ओळ तशीच राहिली, झालं, सगळी वेबसाइट पांढरीफटक. ओळ काढल्यावरही पाच मिनिटं तशीच राहिली, कारण पीएचपी ही फाइल एरवी ३०० सेकंद लक्षात ठेवतं. त्या पाच मिनिटांत त्याने मला अकरा फोन केले.

डॉट एचटीअ‍ॅक्सेस फक्त मूळ फोल्डरात एकच असते असं धरून चालू नका. कधीकधी प्रत्येक उपफोल्डरात एक-एक पेरलेली असते, शेकड्यांनी.

थीमची फंक्शन्स डॉट पीएचपी तर नेहमीचीच, आणि त्यातून होणारा प्रकार गमतीदार आहे. पुण्याच्या एका क्लासच्या वेबसाइटवर सदस्यांच्या पानात वर लिहिलं होतं प्रशासक (३), आणि खाली यादीत दोनच नावं. तिसरा प्रशासक यादीतून लपवणारा कोड फंक्शन्समध्ये होता. लपवणाऱ्याने नाव लपवलं, आकडा लपवायचा राहून गेला. म्हणून सदस्य नेहमी पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून, डेटाबेसच्या टेबलात थेट जाऊन मोजा. तिथेच ऑप्शन्समध्ये साइट यूआरएल आणि होम या वेबसाइटचा पत्ता ठरवणाऱ्या दोन ओळी तपासा, आणि लेखांच्या टेबलात स्क्रिप्ट हा शब्द शोधा. गिऱ्हाइकाने पैसे पाठवायचा यूपीआय आयडी आणि फोन नंबर आपलाच आहे ना, तेही वाचून घ्या. एक आकडा बदलला तर महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

दिवसांनी येत असेल तर

आमचं पाच दिवसांनी आलं होतं. एवढा अवकाश गेला म्हणजे आपोआप परत येणारं सहसा काही उरलेलं नसतं. कुणीतरी, किंवा कुणाचा तरी बॉट, दारातून परत आला. मग दार शोधायचं, आणि ते अ‍ॅक्सेस लॉगमध्ये सापडतं. सीपॅनलमध्ये 'रॉ अ‍ॅक्सेस' म्हणून मिळतं. जुने लॉग साठवून ठेवायचा पर्याय तिथे असतो. आज, आत्ता, काही बिघडलेलं नसताना तो चालू करा. आमचा नशिबाने चालू होता.

लॉग वाचायला फार अक्कल लागत नाही. गेट म्हणजे कुणी पान मागितलं, पोस्ट म्हणजे कुणी काही पाठवलं. आंब्याच्या वेबसाइटवर पोस्ट होतं ते ऑर्डरच्या फॉर्मला आणि लॉगिनला, आणि थोडं वर्डप्रेसचं स्वतःचं. बाकी कुठल्याही फाइलला पोस्ट दिसलं आणि सर्व्हरचं उत्तर २०० असेल, तर बोट ठेवा (२०० म्हणजे मिळालं, ४०४ म्हणजे असं काही नाहीच).

लॉगिनचं एक गुपित: वर्डप्रेसमध्ये पासवर्ड चुकला तर तेच पान परत येतं, म्हणून उत्तर २०० पडतं. पासवर्ड बरोबर असेल तर पुढे पाठवलं जातं, म्हणून ३०२. ज्यांना हे माहीत नसतं ते हजारो २०० बघून हादरतात आणि एकच ३०२ नजरेतून सुटतं. रात्री सव्वादोनला, परदेशी पत्त्यावरून, आधी एकही चूक न होता थेट ३०२, आणि तीस सेकंदांत प्लगिन चढवल्याची ओळ. त्या पुण्याच्या क्लासच्या लॉगमध्ये हेच दिसलं. त्या माणसाला पासवर्ड शोधायचा नव्हता, त्याच्याकडे तो होता. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी क्रॅक केलेलं डिझाइनचं सॉफ्टवेअर चढवलं होतं, त्याबरोबर पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आला आणि ब्राउझरमध्ये साठवलेलं सगळं घेऊन गेला. त्या कॉम्प्युटरवर बसून तुम्ही कितीही वेळा पासवर्ड बदला, नवा पासवर्डही त्याच वाटेने जातो. फाइलझिला या फायली चढवायच्या प्रोग्राममध्ये साठवलेले पासवर्डही मास्टर पासवर्ड लावला नसेल तर असेच उघड्यावर असतात.

आमच्या देवगडच्या लॉगमध्ये मात्र लॉगिन स्वच्छ होतं. पोस्टच्या ओळी चाळता चाळता एक पत्ता दिसला, 'टेस्ट' नावाच्या फोल्डरातला. काही क्षण मला कळेचना हा फोल्डर कुणाचा. मग आठवलं. माझाच. २०१९ मध्ये नवी थीम काकांना दाखवायला मी त्याच खात्यात दुसरं वर्डप्रेस चढवलं होतं आणि विसरून गेलो होतो. त्यातलं एक प्लगिन तेव्हापासून अपडेट झालेलं नव्हतं. ९ फेब्रुवारीला त्यातून कुणीतरी एक फाइल चढवली होती. म्हणजे लॉटरी लागायच्या दीड महिना आधी. आमचा दहा दिवसांपूर्वीचा बॅकअपही अर्थातच बांडगुळासकट होता.

एका होस्टिंग खात्यात चार वेबसाइट म्हणजे एका चाळीतल्या चार खोल्या आणि मधल्या भिंती पत्र्याच्या. एका फोल्डरात शिरलेला कोड दुसऱ्या फोल्डरात लिहू शकतो, कारण सर्व्हरच्या दृष्टीने सगळं एकाच मालकाचं. तुम्ही मुख्य वेबसाइट घासूनपुसून लख्ख करता आणि शेजारची विसरलेली वेबसाइट रात्री ती परत बिघडवते.

फुकटात मिळालेली 'प्रीमियम' थीम हे आणखी एक दार, आणि ते आपणच आतून उघडतो. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा मालवेअर अशाच चोरीच्या थीम्स आणि प्लगिन्समधून पसरला. वर्डफेन्सने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्यावर मोठा अहवाल काढला होता. तो एका थीममधून आत येतो, मग खात्यातल्या सगळ्या थीम्सच्या फंक्शन्समध्ये आणि शेजारच्या वेबसाइट्समध्ये स्वतःची प्रत ठेवतो. थीम काढून टाकली तरी तो राहतो. अडीच-तीन हजार वाचवायला गेलेल्या माणसाकडून मी साफसफाईचे त्याहून जास्त घेतो, आणि तेव्हा मला अजिबात वाईट वाटत नाही.

तिसऱ्या वेळी काय केलं

काही पुसायच्या आधी बिघडलेल्या वेबसाइटची पूर्ण प्रत आणि लॉग उतरवून घेतले. पुरावा पुसला की दार कधीच सापडत नाही. मग वेबसाइट फक्त माझ्या आयपीला उघडेल अशी केली आणि काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घ्यायला सांगितलं. तशाही निम्म्या तिथेच येतात.

क्रॉन काढला. सपोर्टकडून प्रोसेस मारून घेतल्या. टेस्ट फोल्डर आणि त्याचा डेटाबेस उडवला. मग कोड शोधत न बसता सरळ बदलूनच टाकला: डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स हे दोन्ही फोल्डर पूर्ण काढून नवे ठेवले, मूळ फोल्डरातल्या सुट्या फायलीही. नव्या फायली जुन्यांवर नुसत्या टाकल्या तर हॅकरने घातलेल्या जास्तीच्या फायली तशाच राहतात, म्हणून आधी काढायच्या. प्लगिन्स सगळी काढून नव्याने उतरवली. त्यात तीन अशी निघाली की ती कशासाठी लावली होती हेच मला सांगता येईना, ती परत लावलीच नाहीत. जुनं ठेवलं ते फक्त डब्ल्यूपी-कॉन्फिग, अपलोड्स, आमची चाइल्ड थीम (थीममधले आमचे बदल) आणि डेटाबेस, आणि हे चार मात्र ओळीओळीने वाचले. फाइलच्या तारखेवर विसंबून शोधू नका, बदललेली तारीख मागची करून ठेवणं त्यांना सहज जमतं.

पासवर्ड सगळ्यात शेवटी बदलले, स्वच्छ कॉम्प्युटरवरून: होस्टिंगचा, त्या खात्याला जोडलेल्या ईमेलचा, डेटाबेसचा, एफटीपीची (फायली चढवायची) सगळी खाती, आणि मग वर्डप्रेसचे. कॉन्फिगमधल्या आठ गुप्त किल्ल्याही बदलल्या. हे बरेच जण विसरतात. या किल्ल्या बदलल्या की लॉगिन असलेला प्रत्येक जण बाहेर पडतो. नुसता अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलून लपलेल्या तिसऱ्या प्रशासकाला काही फरक पडत नाही. वर्डप्रेस ५.६ पासून, म्हणजे २०२० च्या डिसेंबरपासून, प्रत्येक सदस्याच्या प्रोफाइलखाली 'अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड' असतात. मुख्य पासवर्ड बदलला तरी ते चालू राहतात, तेही तपासा.

अपलोड्समध्ये पीएचपी चालूच नये अशी सोय केली. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाची किंवा लाइटस्पीड असेल तर त्या फोल्डरातल्या डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये दोन-तीन ओळींचं काम. एनजिनएक्स ती फाइल वाचत नाही, तिथे होस्टिंगवाल्यांना सांगावं लागतं.

प्लगिन्सचे आपोआप अपडेट चालू केले. यावर माझं नेहमी भांडण होतं. "अपडेटने वेबसाइट मोडते," असं डेव्हलपर मित्र म्हणतात. मोडते, वर्षातून एखाद वेळी, आणि तासाभरात दुरुस्त होते. २६ जानेवारी २०१७ ला वर्डप्रेस ४.७.२ आलं. त्यात बुजवलेल्या एका मोठ्या छिद्राची बातमी मुद्दाम आठवडाभर दाबून ठेवली होती, लोकांचे अपडेट होऊन जावेत म्हणून. बातमी फुटल्यावर काही दिवसांत लाखो पानं विद्रूप झाली, आणि ती होती अपडेट न झालेल्यांची. २०२० च्या सप्टेंबरमध्ये फाइल मॅनेजर या सात लाखांवर वेबसाइट्सवर असलेल्या प्लगिनमध्ये छिद्र सापडलं, तेव्हा तर दुरुस्ती येण्याआधीच हल्ले सुरू झाले होते. अशा वेळी कुणी "रविवारी निवांत बघू" म्हणून चालत नाही.

सुरक्षेचं प्लगिन लावलं, पण त्याच्या भरवशावर नाही. ते त्याच घरात राहतं ज्याची राखण करायची, आत शिरलेला त्याचेही डोळे बांधू शकतो. त्यापेक्षा प्रशासकांना दोन टप्प्यांचं लॉगिन लावलेलं मला जास्त मोलाचं वाटतं. बॅकअप आता सर्व्हरबाहेर जातो, आणि तीन महिन्यांचे ठेवतो. दहा दिवसांपूर्वीच्या बॅकअपवर विसंबून काय होतं ते वर आलंच आहे.

गूगलने धोक्याचं लाल पान दाखवायला सुरुवात केली असेल तर सर्च कन्सोलच्या सुरक्षा विभागातून पुनर्तपासणीची विनंती करा. काय सापडलं, काय काढलं, दार कोणतं होतं, हे चार वाक्यांत लिहा. अर्धवट साफ करून विनंती टाकू नका, नाकारली गेली की आणखी दिवस जातात, आणि आंब्याच्या हंगामात दिवस मोजकेच असतात.

गिऱ्हाइकांची माहिती बाहेर गेली असेल, किंवा तुमची नोंदणीकृत कंपनी असेल, तर हे आपल्या घरातलं प्रकरण राहत नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. कुणाचे पैसे गेले असतील तर त्या गिऱ्हाइकाला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, वेबसाइट नंतर बघा.

काकांची वेबसाइट सातव्या एप्रिलला परत उघडली. पुढचा महिनाभर मी रोज सकाळी लॉगमधल्या पोस्टच्या ओळी तेवढ्या चाळत होतो. टेस्ट फोल्डरातल्या त्या फाइलला अजूनही कुणीतरी रोज दोन-तीनदा हाक मारतं, बहुतेक पहाटे. उत्तर जातं ४०४.